घासण्याआधी वाचा: जुनी आणि परदेशी नाणी ओळखणं, राखणं आणि त्यांची किंमत काढणं

जुन्या नाण्यांची पिशवी हाती आली की बहुतेक जण आधी नाणी घासून लख्ख करतात. मग ‘याचे किती येतील?’ असं विचारतात. हे नाणं मुळात कुठलं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही आला तर. हा क्रम पुरता उलटा आहे. नाण्याविषयीची जवळजवळ सगळी माहिती त्याच्या पृष्ठभागावरच असते. अक्षरं, टांकसाळीची बारीक खूण, किती झीज झाली, धातूवर किती वर्षांचं पुट चढलंय, हे सगळं तिथेच वाचायचं असतं. घासलं की त्यातलं बरंचसं पुसलं जातं आणि त्याबरोबर किंमतही उतरते. म्हणून आधी ओळख, मग स्वच्छतेचा निर्णय, आणि किंमत सगळ्यात शेवटी.

हाताशी काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला कॅलिपर (प्लॅस्टिकचा असेल तर उत्तम, ओरखडा उठत नाही), एक लहान पण जोरकस चुंबक आणि हव्या त्या दिशेला वळवता येईल असा टेबललॅम्प. टेबलावर जाडसर मऊ कापड पसरा, कारण नाणं हातातून निसटतंच. नाणं नेहमी कडेला दोन बोटांनी धरायचं. बोटांवरचं तेल आणि घाम तांब्याच्या नाण्यावर ठसा सोडतात आणि काही महिन्यांनी तो ठसा तपकिरी डाग होऊन वर येतो. नाण्यावर वाकून बोलूही नका, थुंकीच्या तुषारांचे ठिपके कायमचे राहतात.

एक वही किंवा तक्ता सुरुवातीपासूनच ठेवा. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि त्यापुढे वजन, व्यास, धातूचा रंग, कडेचा प्रकार, दोन्ही बाजूंवर काय दिसतं, आणि नाणं कुठून आलं ते लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण पन्नास नाण्यांनंतर हीच वही तुमची सगळ्यात मोठी मदतनीस ठरते.

देश कसा ओळखायचा

पहिली अडचण अशी की कित्येक देश नाण्यावर आपलं ओळखीचं नाव लिहीतच नाहीत. स्वित्झर्लंडच्या नाण्यावर ‘हेल्वेटिया’ किंवा ‘कॉन्फेडेराशिओ हेल्वेटिका’ असतं. फिनलंडवर ‘सुओमी’, हंगेरीवर ‘माग्यार’, अल्बानियावर ‘श्किपेरी’, क्रोएशियावर ‘ह्र्वात्स्का’, आयर्लंडवर ‘एरा’, एस्टोनियावर ‘एस्ती’. रोमन लिपीतलं ‘सीसीसीपी’ दिसलं तर ती खरं तर रशियन अक्षरं आहेत आणि नाणं सोव्हिएत संघाचं आहे. ग्रीसच्या जुन्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत ‘एलास’ किंवा ‘एलिनिकी’ने सुरू होणारा मजकूर मिळतो.

अक्षरं लागत नसतील तर चित्रांकडे वळा. पिवळसर पितळी नाणं, मधोमध गोल भोक, एका बाजूला भाताची वाकलेली लोंबी, तिच्याखाली पाण्याच्या आडव्या रेषा आणि भोकाभोवती दातेरी चक्र. ओळखीचा एकही आकडा नाही. मिश्र नाण्यांच्या ढिगात हे हमखास निघतं आणि नवख्याला चक्रावून सोडतं. ते जपानचं पाच येनचं नाणं आहे. जपानच्या आजच्या चलनी नाण्यांपैकी याच एकावर मूल्य फक्त चित्रलिपीत लिहिलेलं असतं. वजन ३.७५ ग्रॅम आणि व्यास २२ मिलिमीटर भरला की शंकेला जागा उरत नाही. मात्र नुसत्या भोकावरून देश ठरवू नका. डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम, फ्रान्स, पूर्व आफ्रिका या सगळ्यांनी भोकाची नाणी काढली आहेत आणि ब्रिटिश भारतातही १९४३ पासून भोकाचा पैसा होता.

राजा-राणीचा चेहरा असेल तर तारीख झिजलेली असली तरी काळ काढता येतो. व्हिक्टोरिया राणीचा तरुण चेहरा, १८८७ मध्ये आलेला छोट्या मुकुटाचा चेहरा आणि १८९३ पासूनचा ओढणी घेतलेला वृद्ध चेहरा, असे तीन टप्पे ब्रिटनच्या नाण्यांवर आहेत. ब्रिटिश भारताच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असा किताब आहे, तेव्हा साल पुसलं असेल तरी किताब वाचा. सहाव्या जॉर्जच्या ब्रिटिश नाण्यांवर १९४८ पर्यंत ‘इंड इम्प’, म्हणजे भारताचा सम्राट, हे संक्षिप्त शब्द दिसतात आणि १९४९ च्या नाण्यांवरून ते गेलेले असतात. एका किताबावरून सत्तेचा इतिहास असा डोळ्यांसमोर येतो. या छंदात मला सर्वांत जास्त आनंद याच गोष्टीचा वाटतो.

झिजलेला मजकूर वाचायला नाण्यावर काही चोळू नका. खोलीतला दिवा बंद करा, टेबललॅम्प जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा आणि उजेड आडवा पडू द्या. नाणं हळूहळू गोल फिरवा. समोरून सपाट वाटणाऱ्या जागी एका ठरावीक कोनात अक्षराची सावली उमटते. त्याच कोनात मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. कागद ठेवून वर पेन्सिल घासण्याची जुनी युक्ती मी सुचवणार नाही, कागदाखालची धूळसुद्धा पृष्ठभागावर रेघा ओढते.

सालाचं गणित

नाण्यावरचा आकडा दर वेळी इसवी सनाचाच असेल असं नाही.

हिजरी सन असेल तर आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १४०० हिजरी म्हणजे साधारण १९८०. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. इराणचं सौर हिजरी वर्ष वेगळं, त्यात ६२१ मिळवायचे. थायलंडच्या बुद्ध संवतातून ५४३ वजा, नेपाळच्या विक्रम संवतातून ५७ वजा, इस्राएलच्या हिब्रू सालातून ३७६० वजा. इथिओपियाच्या सालात सात किंवा आठ मिळवायचे. यात एखाद्या वर्षाचा फरक राहू शकतो, कारण प्रत्येक पंचांगाचा नववर्षदिन निराळा आहे.

जपानी नाण्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी काळ असेल तर १८६७ मिळवा, ताइशोला १९११, शोवाला १९२५, हेइसेइला १९८८ आणि रेइवाला २०१८. म्हणजे ‘शोवा ५०’ हे १९७५. कारकिर्दीचं नाव दोन चित्राक्षरांत असतं. ही पाच जोडनावं डोळ्याखालून घातली की पुढे त्रास होत नाही. चिनी प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर प्रजासत्ताकाचं वर्ष असतं, त्यात १९११ मिळवायचे. राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या चेहऱ्याच्या चांदीच्या डॉलरवर ‘वर्ष ३’ असेल तर ते १९१४.

अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो आणि आपल्या शून्यासारखा दिसणारा गोल म्हणजे पाच. सात हा वर उघड्या कोनासारखा, आठ त्याचा उलटा. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा, पण आकडे डावीकडून उजवीकडे. उस्मानी साम्राज्याच्या नाण्यांवर तर दोन आकडे असतात. मोठा आकडा सुलतान गादीवर आला ते साल सांगतो आणि छोटा आकडा त्याच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते सांगतो. १३२७ आणि ५ असे आकडे असतील, तर १३२७ हिजरी म्हणजे १९०९ ला सुलतान गादीवर आला आणि नाणं पाचव्या वर्षातलं, म्हणजे सुमारे १९१३ चं. मोठा आकडाच नाण्याचं साल म्हणून लिहून टाकण्याची चूक फार सर्रास होते.

साल खरं, पण नाणं तेव्हाचं नाही

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, घ्या. त्यावर नेहमी १७८० हेच साल असतं, कारण त्या वर्षी ती वारली आणि पुढे तेच साल कायम ठेवून नाणी पाडली गेली. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात या नाण्यावर इतका विश्वास होता की व्हिएन्नाखेरीज इतर टांकसाळींनीही ते पाडलं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही ते पडलं आहे. म्हणजे १७८० लिहिलेलं नाणं विसाव्या शतकातलं असू शकतं, आणि बहुधा असतंच. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुघल बादशहा शाह आलमच्या नावाने पाडलेल्या रुपयांवर कारकिर्दीचं १९ वं वर्ष असंच गोठवलेलं आहे. ब्रिटिश भारताच्या १८६२ सालच्या रुपयाचंही तेच. १८७४ पर्यंत तेच साल घालून रुपये पडत राहिले आणि खरं वर्ष ओळखायला बारीक ठिपक्यांची मांडणी पाहावी लागते. अमेरिकेचा १८०४ सालचा प्रसिद्ध डॉलर तर प्रत्यक्षात १८३४ च्या सुमारास, परदेशी राजांना भेट देण्यासाठी पाडायला सुरुवात झाली.

याच्या पुढची पायरी म्हणजे जे नाणंच नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ साल आणि राम दरबार किंवा हनुमान अशी तांब्या-पितळेची ‘नाणी’ फार फिरतात. कंपनीने अशी नाणी चलनात कधीच काढली नव्हती, ही नंतर बनवलेली आहेत. ज्या चकतीवर मूल्य, सत्ता आणि साल यांपैकी काहीच नाही ती खेळातली सोंगटी, प्रवासाचं टोकन, पदक किंवा देवस्थानाचा टाक असू शकते. तिचाही संग्रह करणारे लोक आहेत, फक्त तिला नाणं म्हणून नोंदवू नका.

ओळख पटली की टांकसाळीची खूण शोधा. अमेरिकेत ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी. जर्मनीत ‘ए’ बर्लिन, ‘डी’ म्युनिक, ‘एफ’ स्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूहे, ‘जे’ हॅम्बुर्ग. भारतीय नाण्यांवर सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढ्याशा खुणेने एकाच सालाच्या दोन नाण्यांत कधीकधी शेकडो पटींचा फरक पडतो. आणि म्हणूनच लबाडीही याच जागी होते. अमेरिकेच्या १९०९ सालच्या सेंटचा सॅन फ्रान्सिस्कोत पडलेला एक प्रकार फक्त ४,८४,००० नग निघाला, आणि फिलाडेल्फियातल्या बिनखुणेच्या साध्या सेंटवर ‘एस’ चिकटवून तो विकला गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. भिंगातून खुणेच्या बुडाशी पाहा. अक्षर धातूतूनच वर आलेलं असावं, सांधा किंवा डिंकाची रेघ दिसता कामा नये.

धातू तपासा, पण न कापता आणि न घासता

कानस लावणं, आम्ल टाकणं, दाताने चावणं हे सगळं विसरा. वजन, व्यास, चुंबक आणि पाणी एवढ्यावर भागतं.

पहिलं काम वजनाचं. ब्रिटिश भारताच्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, मारिया तेरेसा थालर २८.०७ ग्रॅम, अमेरिकेचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, इंग्लंडचा सोन्याचा सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम. वापराने झिजून वजन थोडं कमी भरणं स्वाभाविक आहे, पण कोरंकरीत दिसणारं नाणं अर्ध्या ग्रॅमने कमी किंवा जास्त भरलं तर संशय घ्यायलाच हवा.

चुंबकाला चांदी, सोनं, तांबं, पितळ चिकटत नाहीत. पोलाद चिकटतं आणि शुद्ध निकेलही चिकटतं. म्हणून १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटतो, ते नाणं खोटं आहे म्हणून नव्हे, तर निकेलचं आहे म्हणून. उलट अमेरिकेचा १९४३ चा ‘तांब्याचा’ सेंट चुंबकाला चिकटला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी सेंट आहे. त्या वर्षी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे होते आणि तांब्याचे अगदी मोजके पडले. नाणं तिरकं धरून त्यावरून चुंबक सोडला तर चांदीवरून तो अडखळत, संथ घसरतो. पण तांब्यावरूनही तो संथच जातो, त्यामुळे एकट्या याच चाचणीवर विसंबू नये.

आता पाण्याची चाचणी. ही नीट शिकून घ्या, कारण झिजलेल्या नाण्यालाही ती चालते. झिजेने वजन घटतं, घनता बदलत नाही. काट्यावर पाण्याची काचेची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं पातळ दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला आणि भिंतीला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून सोडवा. काटा आता जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅम भरला आणि पाण्यात काट्याने १.१३ दाखवलं, तर भागाकार १०.३ येतो. ९१.७ टक्के चांदीच्या मिश्रधातूची घनता तेवढीच असते. १.३१ दाखवलं तर भागाकार ८.९, म्हणजे निकेल किंवा तांबं-निकेल. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६, शिसं ११.३४, सोनं १९.३ हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मर्यादाही लक्षात असू द्या. एक-दोन ग्रॅमच्या नाण्यात काट्याची बारीकशी चूकही निकाल फिरवते, टंगस्टनची घनता सोन्याला अगदी चिकटून आहे, आणि शिशाचं मिश्रण चांदीच्या घनतेपाशी नेता येतं.

म्हणून शेवटी भिंग. ओतीव खोट्या नाण्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे आणि फोड दिसतात, अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या मऊ असतात आणि कडेवर सांध्याची रेघ असते किंवा ती कानशीने पुसल्याच्या खुणा असतात. ठशाने पाडलेल्या खऱ्या नाण्याची अक्षरं मैदानातून, म्हणजे मोकळ्या सपाट भागातून, ताठ वर येतात. कडेवरचे दाते मोजा, निदान त्यांचं अंतर सारखं आहे का पाहा. नक्कल करणारा बहुधा इथेच कमी पडतो.

काही देशांत सालावरूनच चांदीचा कस कळतो. ब्रिटनची ‘चांदीची’ नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ पर्यंत ५० टक्के आणि १९४७ पासून तांबं-निकेलची. अमेरिकेत डाइम (१० सेंट) आणि क्वार्टर (२५ सेंट) १९६४ पर्यंत ९० टक्के. भारतात जुना रुपया ९१.७ टक्के, १९४० पासून निम्म्या कसाचा.

स्वच्छता: काय करायचं आणि काय मुळीच नाही

नव्या नाण्याची चकाकी ही पॉलिश नसते. ठसा आदळतो तेव्हा धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेला वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा राहतात. नाणं दिव्याखाली फिरवलं की त्या रेषांवरून उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. एकदा त्या रेषा घासल्या गेल्या की कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. घासलेलं नाणं चमकतं, पण ती चमक मेलेली असते, सगळीकडून सारखी. भिंगाखाली एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा दिसतात. जाणकाराला हे एका नजरेत कळतं, आणि दर्जा ठरवणाऱ्या संस्था अशा नाण्याला अंकी दर्जा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात.

तेव्हा टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, लिंबू, चिंच, व्हिनेगर, खोडरबर, तारेचा किंवा कडक ब्रश, चांदी पॉलिश करायचं द्रावण, यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. आंबट पदार्थ तांब्यावरचं तपकिरी पुट खातात आणि खाली गुलाबी, नागडा धातू उघडा पडतो, जो पुढे विचित्र डागांनी काळवंडतो. ते तपकिरी पुट म्हणजे मळ नव्हे, ते धातूचं कवच आहे. चांदीवरचा काळसर-निळसर थर हवेतल्या गंधकाने तयार झालेलं चांदीचं सल्फाइड असतं. तो समान आणि सुंदर चढलेला असेल तर संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. चांदी चटकन उजळणारी द्रावणं हा थर विरघळवताना खालची चांदीही किंचित नेतात, आणि दोन-तीनदा बुडवलं की चकाकीच्या रेषा जातात.

करता येण्यासारखं एवढंच. नुसती सुटी धूळ असेल तर हवेच्या रबरी फुग्याने उडवा. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात एक दिवस बुडवून ठेवा आणि पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरिन आणि क्षार असतात, ते वापरू नका. बाहेर काढून मऊ कापडावर ठेवा आणि टिपा, पुसू नका. गरज असली तर मळ सैल झाल्यावर कापसाची ओली काडी नाण्यावर गोल गोल न फिरवता टेकवत टेकवत लोळवा.

तेल, डिंक, चिकटपट्टीचे डाग, किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे आलेला हिरवट चिकटा यांवर शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपॉलिश काढायचं द्रव्य नको, त्यात सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात. काचेच्या भांड्यात नाणं काही मिनिटं बुडवा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये खळबळून घ्या आणि उघड्यावर सुकू द्या. ॲसिटोन भयंकर लवकर पेट घेतं. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा. धातूवरचा गंज किंवा काळेपणा याने जाणार नाही, आणि तेच योग्य आहे.

जमिनीतून निघालेल्या तांब्या-काशाच्या नाण्यांवर मातीचा दगडासारखा थर असतो. तो आठवडेच्या आठवडे डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, भिंगाखाली लाकडी काडीने कणाकणाने काढायचा असतो. घाई झाली की मातीबरोबर अक्षरंही निघून येतात, कारण कित्येकदा अक्षरांचा आकार आता धातूत नसून त्या हिरव्या थरातच उरलेला असतो. चांदीच्या अशा नाण्यांत धातू ठिसूळ झालेला असू शकतो; बोटाने वाकवाल तर मोडेल.

अगदी कोरंकरीत नाणं, संग्राहकांसाठी खास पाडलेलं आरशासारखं ‘प्रूफ’ नाणं, आणि जे अजून ओळखताच आलेलं नाही ते नाणं, या तिघांना स्वच्छतेसाठी पाण्याचाही स्पर्श नको.

हिरवी पूड दिसली तर

तांब्याच्या नाण्यावर घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर तो स्थिर आहे, राहू द्या. पण फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके दिसले, काडीच्या टोकाने हळूच टेकवताच पूड सुटली आणि खाली खड्डा दिसला, तर ते वेगळं प्रकरण आहे. धातूत मुरलेलं क्लोराइड हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन यांच्याबरोबर मिळून आम्ल तयार करतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि हे चक्र नाणं पोखरेपर्यंत चालतं. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, त्याची पूडही इतर नाण्यांवर पडू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डबीत ताज्या सिलिका जेलबरोबर ठेवा. आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिली तर हे चक्र थंडावतं. उपाय म्हणून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात नाणं आठवडे, कधी महिने भिजवून क्लोराइड बाहेर काढतात, पण त्याने नाण्याचा रंग बदलू शकतो. नाणं मोलाचं असेल तर हे काम संवर्धन शिकलेल्या माणसाकडेच द्यावं.

ठेवायचं कसं

मऊ, लवचिक, उग्र वासाची पीव्हीसीची पाकिटं टाळा; हिरवा चिकटा त्यांच्यातूनच येतो. मायलरची (पातळ पारदर्शक पॉलिस्टरची) पाकिटं, मायलरची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट किंवा कडक प्लॅस्टिकची कुपी वापरा. चौकटीला स्टेपल मारलीत तर पिना चपट्या करा, शेजारच्या नाण्याला खरचटतं. रबरबँड, लोकर आणि साधा वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ नको, त्यातलं गंधक तिला काळवंडवतं. सिलिका जेलच्या पुड्या अधूनमधून बदला.

दर्जा, मग किंमत

नाण्याची अवस्था मोजायला जगभर १ ते ७० अशी श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. साठ आणि त्यावरचे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे. घरी एवढं बारीक मोजायची गरज नाही. सगळ्यात उंच भाग पाहा: गाल, कानावरचे केस, मुकुटाचं टोक, पक्ष्याची छाती. झीज तिथूनच सुरू होते. केसांच्या बटा सुट्या दिसतात की एकच गोळा झालाय? मुकुटातले मणी मोजता येतात का? उंच भाग सपाट आहे पण त्यावर मूळ चकाकी शाबूत आहे, तर ती झीज नसून ठसा हलका पडलेला आहे. हा फरक ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि ती एकाच प्रकारची खूप नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यानेच होते.

किंमत काढताना तीन आकडे वेगळे ठेवा. पहिला मोडीचा भाव. जुन्या रुपयात ११.६६ × ०.९१७ म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या दराने गुणलं की यापेक्षा कमीत नाणं द्यायचं नाही हे कळतं. दुसरा चलनी भाव, जो बऱ्याच परदेशी नाण्यांचा शून्य झालेला असतो, पण सगळ्यांचा नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क, नाणीसुद्धा, १ युरोला १.९५५८३ मार्क या दराने मुदतीविना बदलून देते. तिसरा संग्राहकांचा भाव, आणि तो वयावर ठरत नाही. चौथ्या शतकातली रोमन कांस्य नाणी इतक्या संख्येने सापडतात की साधी, झिजलेली असतील तर कोणीही सहज घेऊ शकतो. उलट ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स नाणं आजच्या काळातलं, पण फक्त २,१०,००० पडल्याने लोक ते सुट्या पैशांत शोधत असतात.

किती पडली याहून किती उरली हे महत्त्वाचं. अमेरिकेच्या १९३३ सालच्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचे ४,४५,५०० नग पडले होते, पण जवळजवळ सगळे वितळवले गेले. खाजगी मालकीत कायदेशीररीत्या ठेवता येणारं एकमेव नाणं २०२१ मध्ये १.८ कोटी डॉलरच्या पुढे विकलं गेलं.

तुमच्या नाण्याचा सूचीतला क्रमांक शोधा. जगभरच्या नाण्यांसाठी क्राउझ आणि मिशलर यांच्या सूचीचे ‘केएम’ क्रमांक सर्वमान्य आहेत. पण सूचीतला भाव हा अंदाज असतो, आणि विक्रेत्याने मागितलेला भाव ही त्याची इच्छा असते. खरा भाव म्हणजे त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच अवस्थेतलं नाणं नुकतंच लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं तो. असे पाच-सहा निकाल जमवा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, आणि उरलेले पाहा. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं शुल्क चढतं आणि विकणाऱ्याकडून दलाली कापली जाते, तेव्हा जाहीर झालेली रक्कम तुमच्या हाती येणार नाही. व्यापारी त्याहून कमी देईल, आणि त्यात गैर काही नाही. त्याला ते नाणं महिनोन्‌महिने सांभाळावं लागतं.

‘अमुक नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणीचं शुल्क भरा’ असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. नाणं घेणारा पैसे देतो, मागत नाही. पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थांकडून नाणं कुपीत बंद करून दर्जा लावून घ्यायचा की नाही, याचा हिशेब सोपा आहे: टपाल, विमा आणि शुल्क धरून येणारा खर्च नाण्याच्या अपेक्षित भावाच्या फार तर एक-दशांश असेल तरच पाठवा, असं मी सुचवेन.

आणि विकत घेताना नाणं कुठून आलं हे विचारा. जमिनीत सापडलेल्या ठेव्यांबद्दल आणि पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्याबद्दल बहुतेक देशांत कायदे आहेत. सांस्कृतिक वारशाच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० पासून आहे. जुन्या नाण्याबरोबर आलेली चिठ्ठी, पावती, पिवळं पडलेलं पाकीट, कोणाच्या तरी हस्ताक्षरातला क्रमांक, यातलं काहीच फेकू नका. तो त्या नाण्याच्या मालकीचा कागद आहे. नाण्याच्या नोंदीतच त्याचा फोटो लावून ठेवा, कारण पुढचा खरेदीदार हाच प्रश्न तुम्हाला विचारणार आहे.